पानाच्या तुकड्यातून ऑर्किड? झाड कापण्याआधी हे वाचा

बरणीवाला

‘ऑर्किडचं एक पान, कुकर आणि नारळपाणी: घरातच टिशू कल्चर, तीन महिन्यांत शंभर रोपं’ हा लेख दोन दिवस बागकामाच्या सगळ्या गटांत फिरतोय. टिशू कल्चर म्हणजे झाडाचा तुकडा किंवा बी निर्जंतुक बरणीत वाढवणं. पानाचा इंचभर तुकडा स्पिरिटने पुसून गोड मीडियावर (रोपांच्या खाद्याच्या जेलीवर) ठेवा, ती घट्ट करायला ‘अगर’ (समुद्री शेवाळापासूनची पूड) नसली तर जिलेटिन चालेल, असं त्यात बिनदिक्कत लिहिलंय. ते वाचून लोक चांगल्या झाडांची पानं कापायला लागलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

फुलावर आलेल्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडचं जून पान ठेवलंत तर कापलेल्या कडेतून फेनॉल (हवेत तपकिरी होणारी रसायनं) सुटतात, मीडिया तपकिरी होतो आणि तुकडा काळा पडतो. पानातून प्रोटोकॉर्मसारखे (रुजलेल्या बीच्या पहिल्या गोळ्यासारखे) गोळे निघतात, पण ते मुख्यतः बाटलीतल्याच कोवळ्या रोपाच्या पानातून, आणि सायटोकायनिनचं (फुटवे आणणाऱ्या संप्रेरकाचं) प्रमाण नेमकं असेल तरच. मोठ्या झाडाचं काही घ्यायचंच असेल तर फुलाच्या दांड्यावरचा खालचा, न फुटलेला डोळा घ्या. त्यावरचं खवलं सोलून काढा. डोळ्यासकट दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, मग एक टक्का हायपोक्लोराइटमध्ये (म्हणजे ब्लीचमध्ये) दोन थेंब साबण घालून १० ते १५ मिनिटं बुडवा. निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. ब्लीचने पांढरी पडलेली दोन्ही टोकं पुन्हा छाटली नाहीत तर तिथूनच कूज चढते.

जिलेटिनचं म्हणाल तर ते कुकरच्या उष्णतेने मोडतं आणि पुढे आपल्या उन्हाळ्यात वितळतं. वाण्याकडे मिळणारी चायना ग्रास म्हणजे अगरच, ती तरी वापरा.

आणि तीन महिने? डेंड्रोबियम ऑर्किडचं बी पेरल्यापासून रोप बाटलीबाहेर काढायलाच नऊ महिने ते वर्ष लागतं. फूल त्यानंतर दीड-दोन वर्षांनी.

कोकणकडा

पानाबद्दल पूर्ण सहमत. पण तुमच्या लिखाणाचा सूर असा आहे की घरी काही होतच नाही. ते मान्य नाही. घरचा रस्ता बियांचा आहे आणि तो चालतो. ऑर्किडच्या बीत साठवलेलं अन्न जवळपास नसतं, रानात ते बुरशीकडून मिळतं. बुरशीऐवजी साखर दिली तरी बी रुजतं हे क्नडसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२२ सालीच दाखवलं.

शेंग हिरवी आणि न फुटलेली हवी. ती ब्रशने घासून २० मिनिटं ब्लीचमध्ये ठेवा, मग अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवर एकदा पेटवा. आतलं बी मुळातच निर्जंतुक असतं. मीडियात लिटरला अर्ध्या ताकदीचे एमएस क्षार (मुराशिगे-स्कूगचं तयार खनिज मिश्रण), साखर २० ग्रॅम, अगर ७ ग्रॅम, ॲक्टिवेटेड चारकोल (शोषून घेणारी कोळशाची पूड) १ ग्रॅम, पीएच (आम्लता) ५.६. पीएच पाचाखाली गेला तर अगर नीट घट्ट होत नाही.

कुकरवर शिट्टी ठेवण्याआधी पाच-सात मिनिटं वाफ मोकळी जाऊ द्या. आत हवा अडकली तर दाब पूर्ण दिसतो, तापमान मात्र १२१ अंशांवर जात नाही. चाळीस मिलिच्या बरण्यांना २० मिनिटं. महाबळेश्वरच्या उंचीवर तोच कुकर दोन-तीन अंश कमी पडतो, तिथे दहा मिनिटं जास्त. दाब आपोआप उतरेपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर मीडिया उकळून बरणीबाहेर येतो.

शेवाळ

नारळपाण्याचा उल्लेखच नाही? त्या लेखातली तेवढीच गोष्ट बरोबर होती. नारळपाण्यात नैसर्गिक सायटोकायनिन असतात. व्हॅन ओव्हरबीक या शास्त्रज्ञाने १९४१ साली धोतऱ्याच्या गर्भांवर ते वापरलं, तेव्हापासून ते प्रयोगशाळांत आहे. कोवळ्या शहाळ्याचं पाणी उकळून, वर येणारा साका गाळून, लिटरला १०० ते १५० मिलि घाला. बीएपीची (कृत्रिम सायटोकायनिनची) बाटली विकत घेण्याची गरज नाही.

बरणीवाला

गरज आहे. दोन शहाळ्यांचं पाणी कधी सारखं नसतं. आज १५० मिलिने गोळे वाढले, उद्या तेवढ्यानेच थांबले, तर कारण कुठे शोधणार? एक मिलिग्रॅम बीएपी दरवेळी एक मिलिग्रॅमच असतं.

कोकणकडा

शिवाय शहाळ्यात चार-पाच टक्के साखर असते. १५० मिलि घातलंत की सहा-सात ग्रॅम जास्तीची साखर गेली. तेवढी पाककृतीतून वजा करा. पीएचसुद्धा नारळपाणी घातल्यावरच लावायचा. आधी लावून मग पाणी ओतणारे ‘मीडिया सैल झाला’ म्हणत बसतात.

शेवाळ

साखरेचा मुद्दा बरोबर, मान्य. पण सारखेपणावर उपाय आहे: वीस शहाळ्यांचं पाणी एकत्र करा, १०० मिलिच्या पिशव्यांत भरून गोठवा, म्हणजे पूर्ण हंगाम एकच घाणा. लोक हे करत नाहीत आणि दोष नारळाला देतात.

बरणीवाला

एकत्र केल्याने फरक कमी होईल, हे कबूल करतो. तरी मूळ धरण्याच्या टप्प्यावर नारळपाणी नको म्हणजे नकोच. गुच्छ फुटत राहतात, मुळं येत नाहीत. तिथे लिटरला ५० ते ७५ ग्रॅम पिकलेलं केळं आणि चारकोल द्या.

तळकोकणी

नारळ-केळ्यावर अर्धा धागा गेला. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ‘टिशू कल्चर, म्हणून रोगमुक्त’ ही पाटी लावून रोपं विकतात, आणि धाग्याच्या सुरुवातीला दांड्याचा डोळा सुचवणाऱ्यांनी विषाणूबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन्ही विषाणू मातृवृक्षात असतील तर डोळ्याबरोबर बाटलीत येतात, आणि एकाची हजार रोगट रोपं होतात. १९६० साली मोरेल या शास्त्रज्ञाने सिंबिडियम ऑर्किडचा वर्धनाग्र (कोंबाचं वाढतं टोक) वाढवला तो विषाणू टाळण्यासाठीच. त्यासाठी मिलिमीटरच्या काही दशांशाएवढा कोंब सूक्ष्मदर्शकाखाली काढावा लागतो. त्यानंतरही एलायझा किंवा आरटी-पीसीआर ही विषाणूची तपासणी केल्याशिवाय रोगमुक्त म्हणता येत नाही.

बरणीवाला

तळकोकणी, आरोप करण्याआधी वाचा. मी पान कापू नका एवढंच सांगत होतो, डोळ्याचं रोप रोगमुक्त असतं असं कुठेही लिहिलेलं नाही.

तळकोकणी

वाचलं, नीट वाचलं. सल्ला देणाऱ्याने धोका सांगायचा असतो. सोनिया जातीच्या डेंड्रोबियमचे मळे एकाच कात्रीने कापतात आणि हे विषाणू रसातून पसरतात. पाती प्रत्येक झाडानंतर ज्योतीत लाल करा, नाहीतर १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटमध्ये बुडवा. बाटलीतल्या गोळ्यांचे सारखे तुकडे करत राहणं आणि बीएपी वाढवत नेणं हाही गुन्हाच आहे, त्यातून विचित्र पाकळ्यांची फुलं येतात आणि ते कळतं दोन वर्षांनी, पैसे भरून झाल्यावर.

बरणीवाला

धोका लिहायला हवा होता. ठीक आहे. मग घरच्या माणसासाठी शेंगच बरी, कारण हे दोन विषाणू सहसा बियांतून उतरत नाहीत. फक्त त्याला क्लोन म्हणू नका, प्रत्येक रोप वेगळं निघेल.

सह्यवेल

वेगळं निघेल तेच रानासाठी हवं. पण कुणी घाटातल्या सीतेच्या वेणीची (रानऑर्किडची) शेंग तोडून आणू नका. आणि एकाच शेंगेची हजार रोपं झाडांना बांधणं म्हणजे संवर्धन नव्हे, ती सगळी भावंडं असतात. त्याच परिसरातल्या अनेक झाडांचा परागसंकर आणि वनखात्याची परवानगी, दोन्ही हवं.

रोपं बाटलीबाहेर काढण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, खरी रोपं तिथे मरतात. कोमट पाण्यात अगरचा कण न् कण धुवा. उरलेल्या साखरेवर बुरशी येते. मग बाविस्टिन (बुरशीनाशक) लिटरला एक ग्रॅम, दहा मिनिटं. रोपं कोळसा आणि नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांवर, पहिले दोन आठवडे पिशवीखाली, नंतर रोज थोडी जास्त हवा. कोकणात जुलैत काढलीत तर कुजतील, विदर्भात एप्रिलमध्ये काढलीत तर सुकतील.

शेवाळ

हे मान्य. आता पेटीचं सांगा. काचेच्या पेटीत हात घालून बी पेरता येतं की लॅमिनार (गाळलेली हवा सोडणारं टेबल) हवाच?

बरणीवाला

लॅमिनारशिवाय मी सुचवणार नव्हतो. पण हिरव्या शेंगेसाठी पेटी चालेल, एका अटीवर. आधी नुसत्या मीडियाच्या दहा बरण्या पेटीत उघडून, पेरायला लागतो तेवढा वेळ ठेवून बंद करा. न उघडलेल्या आणखी चार शेजारी ठेवा. बुरशी तीन-चार दिवसांत दिसते, जिवाणूंचा दुधाळ थर आठवड्यापर्यंत. न उघडलेल्या बरणीत थर आला तर कुकर चुकला. उघडलेल्यांतच आला तर हात किंवा पेटी. चौदाही बरण्या दहाव्या दिवशी स्वच्छ असतील तरच शेंग कापा.

कोकणकडा

ही अट मला मान्य आहे.