‘आडवा’ की ‘अडवलेला’? मॅजिकच्या पत्त्यांतल्या लढाईचे मराठी शब्द

साखर पेठ :
आमच्याकडं संध्याकाळी पोरं ‘मॅजिक: द गॅदरिंग’ खेळायला जमतात. पत्ते इंग्रजीत, बोलणं सोलापुरी मराठीत, मध्येच तेलुगू नाहीतर कन्नड. पत्त्यावर मजकूर दोन-चार ओळींचाच असतो, पण प्रत्येक शब्दाला नियम चिकटलेला आहे, आणि तो शब्द मराठीत सांगताना घोटाळा होतो. परवा एकानं क्रीचर (म्हणजे लढायला वापरायचा पत्ता) हल्ल्याला काढलं आणि नियमाप्रमाणं पत्ता आडवा केला. तिसरा ओरडला, “आडवा झाला की त्याचा!” नव्या पोरानं तो पत्ता उचलून सरळ बाद पत्त्यांच्या गठ्ठ्यात ठेवला. आपल्याकडं ‘आडवा केला’ म्हणजे लोळवला, संपवला. त्याचं काही चुकलं नाही.

खेळात टॅप करणे म्हणजे फक्त पत्ता वापरला गेला हे दाखवायला तो काटकोनात फिरवून ठेवणे. मालकाची पुढची पाळी आली की तो परत उभा होतो. त्यात ब्लॉक करण्याला, म्हणजे हल्ल्याच्या वाटेत आपलं क्रीचर घालण्याला, पोरं ‘अडवणे’ म्हणतात. आता नियम असा की टॅप झालेलं क्रीचर ब्लॉक करू शकत नाही. म्हणजे ‘आडवा पत्ता अडवत नाही’. नवख्यानं ऐकायचं काय आणि समजायचं काय? टॅप, ब्लॉक, डॅमेज आणि क्रीचर या चार शब्दांना तुम्ही काय म्हणता?

विजापूर वेस :
ताई, टॅप-ब्लॉक तसेच राहू द्या. स्पर्धेत गेलं तरी हेच शब्द, व्हिडिओत हेच शब्द. घरात वेगळं शिकवलं तर पोरं बाहेर अडखळतील.

जुळे सोलापूर :
पत्ता खेळताना नाव इंग्रजीच घ्यावं, हे मान्य. पण भाऊ, समजावताना मराठी लागतेच. ‘ब्लॉक्ड’ म्हणजे काय हे विचारलं की शेवटी आपण मराठीतच बोलतो. तेव्हा निवडलेला शब्द नियमाच्या बाजूनं उभा राहिला पाहिजे.

टॅपसाठी मी ‘फिरवणे’ म्हणते. फिरवलेला पत्ता, उभा पत्ता. यात कोणी मरत नाही आणि ‘अडवणे’शी गोंधळही होत नाही. ‘अडवणे’ मात्र ब्लॉकसाठी फार नेमकं आहे, ते सोडू नका. त्याचं कारण जरा सविस्तर सांगते, कारण लढाईतली निम्मी भांडणं तिथंच होतात.

आधी लढाईचा क्रम. नियमपुस्तकात लढाईचे पाच टप्पे आहेत : लढाईची सुरुवात, हल्लेखोर जाहीर करणे, अडवणारे जाहीर करणे, मार बसणे, लढाईचा शेवट. ज्याची पाळी तो फक्त हल्लेखोर ठरवतो. हल्ला समोरच्या खेळाडूवर असतो (किंवा त्याच्या ‘प्लेन्सवॉकर’ या वेगळ्या प्रकारच्या पत्त्यावर वगैरे), त्याच्या क्रीचरवर कधीच नाही. “माझा वाघ तुझ्या सापावर सोडतो” असं म्हणताच येत नाही. साप मध्ये घालायचा की नाही, हे सापाचा मालक ठरवतो. पोकेमॉनचे पत्ते आधी खेळलेल्या पोरांना हे लवकर पटत नाही, कारण तिथं समोरासमोरचे दोघेच एकमेकांवर वार करतात. ‘अडवणे’ हा शब्द इथं कामाला येतो : कोणी तरी दुसरीकडं निघालंय आणि तुम्ही वाटेत आलात, हे त्यात आपोआप येतं. ‘सामना करणे’, ‘भिडणे’ म्हटलं की ते हरवतं.

आता ‘अडवलेला’. क्रीचरच्या पत्त्यावर दोन आकडे असतात : पहिला ताकद, म्हणजे किती मार देतं, दुसरा सहनशक्ती, म्हणजे किती मार बसला की मरतं. समजा ५/५ च्या हल्लेखोराला २/२ नं अडवलं. मार बसण्याआधी मालकानं जादूचा पत्ता टाकून आपलं २/२ क्रीचर हातात परत घेतलं. वाट मोकळी झाली, मग पाच मार खेळाडूला बसणार का? नाही. एकदा अडवलं की हल्लेखोर त्या लढाईपुरता ‘अडवलेला’ राहतो, अडवणारा जागेवर असो वा नसो. तो कोणालाच मार देत नाही. मराठीत हे ‘-लेला’ रूप तयारच आहे. ‘अडवतोय’ म्हणजे अडवणारा समोर हवा. ‘अडवलेला’ ही झाल्या गोष्टीची अवस्था आहे. पोरांना हा फरक व्याकरण म्हणून शिकवावा लागत नाही, कानालाच कळतो.

याच न्यायानं दुसरा प्रश्नही सुटतो. अडवणारा जाहीर झाल्यावर कोणी त्याला टॅप केलं तर? त्यानं अडवून झालंय. फिरवला तरी तो अडवणाराच राहतो आणि आपला मारही देतो. अडवण्याच्या क्षणी उभा असणं एवढीच अट. म्हणून समोरच्याच्या अडवणाऱ्याला टॅप करायचा बेत असेल तर तो अडवणारे जाहीर व्हायच्या आधी उरकावा लागतो.

नवी पेठ :
ताई, डॅमेजला काय म्हणायचं बे हा आमच्यात रोजचा वाद आहे. मी ‘नुकसान’ म्हणतो, भाऊ ‘इजा’ म्हणतो.

जुळे सोलापूर :
मी ‘मार’ म्हणते. तीन मार बसला, उरलेला मार पुढं गेला, असं सरळ बोलता येतं. ‘नुकसान’ म्हटलं की खेळाडूचे लाइफ (खेळात टिकायचे पॉइंट) कमी होणं आणि डॅमेज एकच वाटायला लागतं. ते एक नाही. मार बसला की खेळाडूचे लाइफ कमी होतात, पण “दोन लाइफ गमावा” असं पत्त्यावर असेल तर तो मार नव्हे. मार रोखणारा पत्ता तिथं उपयोगाचा नाही.

क्रीचरवर बसलेला मार पाळी संपेपर्यंत त्याच्या अंगावर राहतो आणि पाळीच्या शेवटी पुसला जातो. म्हणजे ४/४ ला लढाईत तीन बसले आणि त्याच पाळीत नंतर जादूनं आणखी एक बसला, तर ते मेलं. तो एक पुढच्या पाळीवर ढकलला तर वाचलं.

साखर पेठ :
‘मार’ आवडला. ‘क्रीचर’चं काय? आम्ही ‘प्राणी’ म्हणत होतो, पण पत्त्यांत माणसं आहेत, यंत्रं आहेत, भुतंही आहेत. ‘जीव’ म्हणावं तर प्रत्येक खेळाडूचे सुरुवातीचे २० लाइफ, त्यालाही पोरं ‘जीव’च म्हणतात. “माझे दोन जीव गेले” म्हणजे नक्की काय गेलं?

जुळे सोलापूर :
इथं मात्र मी विजापूर वेस भाऊंच्या बाजूची. ‘क्रीचर’ राहू द्या. लाइफला ‘आयुष्य’ म्हणा, म्हणजे ‘जीव’ हा शब्द दोन्हीकडून सुटतो.

अशोक चौक :
पत्त्यांवरच्या गुणांचं पण लिहा की कोणी. ‘डेथटच’ला आमच्या इथं सगळे ‘विषारी’ म्हणतात.

जुळे सोलापूर :
काका, तो एक शब्द मात्र बदलाच, माझी विनंती आहे. या खेळात विष ही वेगळीच गोष्ट आहे. खेळाडूवर विषाच्या १० खुणा जमल्या की तो हरतो, आयुष्य कितीही शिल्लक असो. डेथटचचा त्याच्याशी संबंध नाही. डेथटच असलेल्या क्रीचरनं दुसऱ्या क्रीचरला एक जरी मार दिला तरी तो पुरेसा धरतात. खेळाडूला मात्र त्याचा मार साधाच. आम्ही ‘जीवघेणा स्पर्श’ म्हणतो. लांब आहे, पण चुकवत नाही.

बाकीचे भराभर सांगते. ‘व्हिजिलन्स’ला सावध : हल्ला करूनही पत्ता फिरवावा लागत नाही, म्हणून समोरच्याच्या पाळीत अडवायला मोकळा. ‘मेनेस’ला धाक : एकट्यादुकट्याला अडवता येत नाही, दोघं किंवा जास्त लागतात. ‘हेस्ट’ला तडफ. क्रीचर मैदानात आलं त्या पाळीत हल्ला करता येत नाही. तडफ असेल तर येतो. पण आल्या आल्या अडवता मात्र कोणालाही येतं, हे पोरं हमखास विसरतात. ‘रीच’ म्हणजे हात पोचणे : उडत्याला अडवता येतं, पण स्वतः उडत नाही, तेव्हा याच्या हल्ल्याला जमिनीवरचं कोणीही अडवू शकतं.

‘ट्रॅम्पल’ला ‘तुडवणे’ हाच शब्द. ५/५ तुडवणाऱ्याला २/२ नं अडवलं, तर किमान दोन मार अडवणाऱ्याला द्यायचा आणि उरलेले तीन खेळाडूला. त्याच क्रीचरला जीवघेणा स्पर्शही असेल तर अडवणाऱ्याला एकच पुरे, चार पुढं. आणि वर सांगितलेल्या गोष्टीसारखा अडवणारा मधेच निघून गेला, तर तुडवणाऱ्याचे पाचही खेळाडूवर. अडवलेला असूनही! तुडवणारा नसता तर शून्य.

अशोक चौक :
बरं झालं सांगितलंत. आणखी एक. दोघांनी मिळून अडवलं तर कोणाला आधी मारायचं हा क्रम हल्लेखोरानं आधीच लावायचा ना? माझा पुतण्या म्हणतो तसं काही नाही.

जुळे सोलापूर :
पुतण्या बरोबर आहे. तो क्रम आधी होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘फाउंडेशन्स’ संच आला तेव्हापासून काढून टाकला. आता मार बसायच्या वेळी हल्लेखोराचा मालक तो मार अडवणाऱ्यांत हवा तसा वाटून देतो. त्यामुळं अडवणारा वाचवण्यासाठी मधे टाकलेली जादू आता तेवढी भारी पडत नाही, कारण हल्लेखोर मार दुसऱ्याकडं वळवू शकतो. जुन्या नियमावर शिकलेल्या सगळ्यांना हे मुद्दाम सांगायला हवं.

नवी पेठ :
माझी शंका ‘फाइट’वर. माझ्या क्रीचरला फर्स्ट स्ट्राइक होता. मी जादू टाकली, “हे दोघं फाइट करतील”. म्हटलं, माझा पहिला वार, समोरचं मरणार, मला काही लागणार नाही. पण सगळे म्हणाले दोघांनाही मार बसतो. लढाईत पहिला वार चालतो आणि लढाईत नाही, असं कसं?

जुळे सोलापूर :
बघ, तुझ्याच वाक्यात ‘लढाई’ दोनदा दोन अर्थांनी आली. कॉम्बॅटलाही लढाई आणि फाइटलाही लढाई म्हटलं की हे होणारच. कॉम्बॅट म्हणजे पाळीतला तो पाच टप्प्यांचा भाग. त्याला ‘लढाई’ ठेवू. फाइट म्हणजे जादूनं दोन क्रीचर एकमेकांवर सोडणे : दोघंही आपापल्या ताकदीएवढा मार एकाच वेळी एकमेकांना देतात. तिला ‘झुंज’ म्हण.

पहिला वार हा लढाईतल्या मार बसण्याच्या टप्प्याशी बांधलेला आहे. तो असला की त्या टप्प्याच्या आधी आणखी एक टप्पा तयार होतो. लढाईत तुझ्या २/२ पहिल्या वारवाल्यानं ३/२ ला अडवलं तर समोरचं आधीच मरतं आणि तुझ्यावर मार येतच नाही. झुंजीत टप्पेच नाहीत, मग आधी कोण नंतर कोण? तिथं दोघंही मेले. तुडवणंही झुंजीत लागू नाही, ते लढाईतल्या मारासाठीच आहे. जीवघेणा स्पर्श मात्र झुंजीत चालतो, कारण त्याच्या नियमात ‘लढाईतला मार’ अशी अट नाही, कुठलाही मार चालतो. ‘लाइफलिंक’चंही तसंच, दिलेल्या मारागणिक मालकाचं आयुष्य वाढतं.

म्हणून पत्ता वाचताना ‘मार’ लिहिलंय की ‘लढाईतला मार’, तेवढं आधी बघ.

साखर पेठ :
फिरवणे, अडवणे, मार, आयुष्य, झुंज. ही यादी आज कागदावर लिहून पत्त्यांच्या डब्यात ठेवते. ‘इन्डिस्ट्रक्टिबल’ राहिला. पोरं ‘अमर’ म्हणतात, चालेल का?

जुळे सोलापूर :
नको. ‘अमर’ म्हटलं की कशानंच मरणार नाही असं वाटतं. त्याला मार कितीही बसला तरी मरत नाही आणि ‘नष्ट करा’ म्हणणारी जादू चालत नाही, इतकंच. त्याची सहनशक्ती घटवून शून्य केली तर ते जातं, आणि मालकाला बळी द्यायला लावलं तरी जातं. ‘अभेद्य’ म्हणून बघा.