मदत हवी आहे: सांगलीत इमारतीच्या भिंतीवर मोठं चित्र

नमस्कार मंडळी. गावभागातल्या आमच्या चार मजली इमारतीच्या पश्चिमेकडच्या कोऱ्या भिंतीवर विष्णुदास भाव्यांचं भव्य चित्र काढायचंय. १८४३ साली त्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं ते याच सांगलीत, म्हणून विषयाबद्दल मला जराही शंका नाही. रंगसंगती एदुआर्दो कोब्रा या ब्राझिलियन चित्रकारासारखी झगझगीत हवी. रिओत २०१६च्या ऑलिंपिकच्या वेळी त्याने पाच खंडांतल्या आदिवासींचे चेहरे रंगीत चौकोन-त्रिकोणांतून उभे केले होते. काय जिवंत डोळे आहेत ते!

अडचण भिंतीची आहे. २०१९च्या महापुरात तळमजला पाण्यात होता. तिथे अजून खारं फुटतं (भिंतीवर पांढरे क्षार येतात), गिलाव्याचे पापुद्रे निघतात. तेवढा गिलावा काढून नवा करावा, की चित्र पहिल्या मजल्यापासूनच सुरू करावं? मला दुसरं पटतं, पण जाणकारांनी सांगावं. ऊन-पावसात लाल-पिवळा लवकर उडू नये म्हणून कोणता प्राइमर आणि बाहेरचा अ‍ॅक्रिलिक रंग घ्यावा?

आणि पूर्वी सिनेमाची पोस्टरं चौकटी आखून रंगवणारे सांगली-मिरजेकडचे कुणी पेंटर अजून काम करतात का? परांची आम्ही बांधून देऊ. मानधनाचा अंदाजही कळवा.