काळोखाचे गाणे समोर बसून ऐकताना : तुमचे अनुभव

गेल्या महिन्यात नागपूरच्या रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात मी भटांची ‘इतकेच मला जाताना’ ही गझल पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकली. घरी ती असंख्य वेळा ऐकलेली आहे. इथे मात्र गायिकेने ‘सरणावर कळले होते’ ही पहिली ओळ चार वेळा घेतली, दर वेळी निराळ्या स्वरावर थांबली, आणि दुसरी ओळ काही केल्या सोडली नाही. ती ओळ आम्हा सगळ्यांना पाठ होती, तरीही श्वास रोखून आम्ही तिची वाट पाहत होतो. ध्वनिमुद्रणात एवढी वाट पाहायला सवडच नसते. ओळ आली तेव्हा कोणी दाद दिली नाही. शेजारच्या काकांनी चष्मा काढून पुसला आणि तो परत न लावता हातातच धरून बसले. मृत्यूचे, भयाचे, शोकाचे गाणे असे समोर बसून ऐकले असेल त्यांनी लिहावे. गायकाचे कौतुक आवरते घेऊन स्वतःला काय झाले तेच लिहावे, ही विनंती.

धरमपेठ
मी ते गाणे पूर्ण ऐकू शकले नाही, हाच माझा अनुभव. यजमान जाऊन चार महिने झाले होते आणि मैत्रिणीने आग्रहाने नेले होते. कार्यक्रमात ग्रेसांचे ‘भय इथले संपत नाही’ सुरू झाले. ग्रेस आपल्या नागपूरचे, त्यांची कविता आमच्या घरात मोठ्याने वाचली जाई, ती यजमानच वाचत. रेडिओवर लागले असते तर मी बटण फिरवले असते. इथे उठायचे तर अकरा जणांच्या गुडघ्यांना ओलांडून जावे लागले, आणि प्रत्येकाने पाय आखडून घेताना वर पाहिले. दाराशी उभ्या मुलाला वाटले की मी गाडी शोधते आहे. ‘पार्किंग मागच्या बाजूला आहे, काकू,’ तो म्हणाला.

सिव्हिल लाइन्स
मी पेटीची साथ करतो, त्यामुळे मला प्रेक्षागृह उलट्या बाजूने दिसते. मारवा रागात पंचम (प) वर्ज्य असतो, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार निषादात (नी) लावतात, आणि गायक षड्जावरही (सा) फार वेळ टेकत नाही. ऐकणाऱ्याला शास्त्र ठाऊक नसले तरी आधार काढून घेतल्याचे त्याच्या शरीराला कळते. ज्यांच्या मारव्याची आठवण अजून निघते त्या गायक वसंतराव देशपांड्यांच्याच नावाच्या सभागृहात, मारव्यातले एक विरहाचे पद सुरू असताना हे मी पाहिले : लोक खुर्चीत सरकू लागले, खोकू लागले, एकाने उगाचच घड्याळ पाहिले. गायकाने शेवटी खर्जातला षड्ज लावला आणि खोकला एकदम थांबला.

मानेवाडा
आमची सासुरवाडी गडचिरोलीकडच्या वडसा भागातली. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातले, नाटक रात्रभर चालते. पहाटे तीनला आई मरते, तिचे गाणे होते, आणि घोंगड्या पांघरून बसलेल्या बाया पदर डोळ्याला न लावता उघड रडतात. रडणे तिकिटातच धरलेले असते. शहरातल्या सभागृहांत आपण हे चोरून करतो, याचे मला नवल वाटते.

इंदोरा
६ डिसेंबरच्या रात्री आमच्या विहारात बाबासाहेबांच्या जाण्याचे गीत होते. एका वर्षी गाणाऱ्या तरुणाचा आवाज मध्येच अडकला आणि ढोलकीही थांबली. कोणी माइकजवळ गेले नाही. मग मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीने, जी १९५६ साली फ्रॉकातली पोर होती, पुढची ओळ म्हटली. सूर पार खाली आणि ताल असा नव्हताच. त्या मुलाने पेटीवाल्याला हाताने थांबवले, आजीचाच खालचा सूर धरला आणि उरलेले गीत तिच्यामागून म्हटले.