शेजाऱ्याविरुद्ध तक्रार: आधी दारात जाऊन बोलायचं की पहिल्याच दिवशी लेखी द्यायची?

नेरुळकर

माझं मत सरळ आहे. वरच्या घरातून गळती असो, पार्किंगमध्ये आडवी लावलेली गाडी असो की मध्यरात्रीनंतरचा धिंगाणा असो, पहिली तक्रार लेखीच द्यावी. ती सोसायटीच्या सचिवाकडे द्यावी आणि पोच घ्यावी. "आधी जाऊन गोडीत बोला, शेजारी आहेत" असं सांगणाऱ्यांच्या स्वतःच्या घरात बहुतेक वेळा पाणी गळत नसतं.

गळतीचंच घ्या. आमच्याकडे सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारती आहेत, बाथरूमखाली बाथरूम. वरच्यांच्या नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे बाथरूमचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेला फट पडली की आधी आपल्या छताला पिवळट डाग येतो. मग रंगाचे पोपडे निघतात, प्लास्टर फुगतं आणि शेवटी स्लॅबमधली सळई गंजून तिच्याखालचं काँक्रीट सुटायला लागतं. या सगळ्याला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं "बघतो", "प्लंबरला सांगितलंय", "गणपती होऊ द्या" यावर सहज काढता येतात. तोंडी सांगितल्याला तारीख नसते. उद्या वाद सहकार न्यायालयात गेला की तुम्ही कधी कळवलंत हे दाखवायला हातात काय असतं?

खर्च कोणाचा हेसुद्धा आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, लिहिलेलं आहे. संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी आतली गळती त्या सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची. गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाचं पाणी, सामायिक ड्रेनेज हे सोसायटीकडे. एवढं स्पष्ट असताना ज्याचं छत सडतंय त्यानेच विनवण्या का करायच्या? शेजारधर्माची आठवण नेहमी नुकसान झालेल्यालाच करून दिली जाते, हे मला अन्यायाचं वाटतं.

नौपाड्याची लेक

अजिबात पटलं नाही.

माझी आई नौपाड्यात एकटी राहते. वय 74. तिच्या घराची दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. मागच्या पावसाळ्यात तिला रात्री गरगरायला लागलं, उठता येईना. मी ऐरोलीहून निघून पोचेपर्यंत त्या काकूंनी दार उघडून, रिक्षा थांबवून तिला दवाखान्यात नेलंसुद्धा होतं. आणि त्याच काळात या काकूंच्या सिंकची लाइन आईच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत मुरत होती! डाळी-पिठाच्या डब्यांमागे सगळी भिंत काळी पडली होती.

आईने एक ओळ लिहिली नाही. काकूंना घरात बोलावलं, डबे बाजूला करून भिंत दाखवली, चहा केला. प्लंबर आईने बोलावला, पैसे काकूंनी दिले. पाच फरशा गेल्या, त्या रंगाच्या मिळाल्या नाहीत म्हणून वेगळ्या बसवल्या. तिथे सचिवाच्या सहीचं पत्र गेलं असतं तर दुरुस्ती कदाचित लवकर झाली असती, पण ती किल्लीही परत आली असती. तुम्ही फक्त छताचा हिशेब मांडताय.

माजी सचिव, घोडबंदर रोड

पत्र द्या किंवा बोला, पण त्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. मी सचिव असताना "वरच्यांमुळे गळती" असे जे अर्ज यायचे, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी कारण बाहेरच्या भिंतीच्या भेगांत निघायचं. म्हणजे काम सोसायटीचं. पण तोपर्यंत दोन घरांचं बोलणं बंद झालेलं असायचं.

साधे ठोकताळे सांगतो. ओल पावसाळ्यात वाढते आणि उन्हाळ्यात सुकते, तर आधी बाहेरची भिंत आणि खिडकीच्या कडा बघा. बारा महिने ओल आहे, पण वरची मंडळी गावाला गेली की सुकते, तर बाथरूमचं वॉटरप्रूफिंग किंवा ट्रॅप. वरचं घर बंद असूनही थेंब चालूच आहे, तर टाकीकडून येणारी दाबाची पाइपलाइन. खात्री करायची तर वरच्या बाथरूमचा ट्रॅप बोळा घालून बंद करायचा, एक-दोन इंच पाणी भरून 24 तास उभं ठेवायचं, आणि खालच्या छतावर ओलीची कड पेन्सिलने आखून ठेवायची. कड पुढे सरकली की वाद संपला. पाण्यात थोडा रंग टाकला तर आणखी बरं.

आता ही चाचणी करायची कोणाच्या घरात? वरच्यांच्या. ते एक दिवस बाथरूम वापरणार नाहीत, तुमच्यासाठी. एवढं सहकार्य नोटिशीने मिळत नाही. म्हणून आधी बोला, आणि घरी आल्यावर त्यांनाच खासगी मेसेज टाका, "आज बोलल्याप्रमाणे रविवारी प्लंबर येतोय." तारीख राहते, मानही राहतो. फोटो मात्र सोसायटीच्या ग्रुपवर कधीही टाकू नका. चारचौघांत नाव गेलं की माणूस बाथरूमचं विसरतो आणि अब्रूचं भांडण सुरू करतो.

नेरुळकर

चाचणीची माहिती उपयोगाची आहे, मनापासून आभार. पण वरच्यांनी दारच उघडलं नाही तर? आधी कळवून सभासदाच्या घराची पाहणी करायचा अधिकार उपविधींनी कमिटीला दिलाय. तो वापरायचा तर कमिटीपुढे कागद लागतो. "जिन्यात भेटल्यावर सांगितलं होतं" यावर कोणतीही कमिटी हलत नाही.

नौपाड्याच्या ताई, तुमच्या आईंना भल्या काकू मिळाल्या. सगळ्यांना मिळत नाहीत. नियम ठरवायचा तो वाईट शेजारी गृहीत धरून ठरवायला हवा.

कोपरखैरणेची आगरीण

मग मी सांगते, कारण मी त्या लेखी तक्रारीच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे.

ज्या 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसली, त्यांतलंच आमचं एक. आता आम्ही सेक्टरमधल्या सोसायटीत राहतो. घरात सुकट भाजली, बोंबील तळले की सचिवाकडे अर्ज जातो. अर्जाची भाषा एकदम सभ्य, "इतर सभासदांच्या भावनांचा विचार व्हावा". कमिटीत बहुमत अर्ज देणाऱ्यांचं, त्यामुळे लगेच नोटीस बोर्डावर सूचना लागते. नाव नसतं, पण प्रत्येक मजल्यावर माहीत असतं कोणासाठी आहे ती. माझी मुलगी लिफ्टमधून उतरताना ते वाचते. आदर्श उपविधींत कोणी घरात काय शिजवावं याबद्दल एक ओळ नाही. तरी शिक्का मारलेला कागद भिंतीवर लागला की लोकांना तो कायदाच वाटतो.

आणि याच इमारतीत पलीकडच्या घरातल्या आजी एकदा स्वतः आल्या. म्हणाल्या, "बाळा, तू काय पण खा गं, पण मला दमा आहे, धूर सरळ माझ्या खिडकीत येतो." मी त्याच आठवड्यात सुताराला बोलावून एक्झॉस्ट पंख्याची जागा बदलली, आता तो डक्टच्या बाजूला आहे. आजींनी अर्ज दिला असता तर माझ्या घरच्यांनी हट्टाने रोज भाजली असती, आणि मी त्यांना अडवलं नसतं.

नेरुळकर, तुम्ही लेखीला दुबळ्याचं हत्यार समजताय. ज्यांची कमिटी असते, त्यांच्या हातात ते जास्त धारदार होतं.

भाडेकरू, कळवा

तुमच्या दोन्ही बाजूंत आम्ही नाहीच. भाडेकरू सभासद नसतो, त्यामुळे आमच्या सचिवांचं ठरलेलं उत्तर, "मालकाला लिहायला सांगा." मालक पुण्यात. त्यांना भाडं वेळेवर मिळतंय, ते कशाला लिहितील? आणि अकरा महिन्यांचा करार संपत आला की तक्रारखोर भाडेकरू कोणालाच नको असतो.

माझी महापेला रात्रपाळी. कायद्यातली रात्र 10 ते 6, माझी सकाळी 9 ला सुरू होते. शेजारच्या फ्लॅटचं नूतनीकरण निघालं आणि ऐन झोपेच्या वेळी ब्रेकर चालू. कुठल्या नियमाने थांबवणार? कामवाले नियमात, सोसायटीने दिलेल्या वेळेतच काम करत होते. मग मी त्या घरमालक काकांना गाठलं, पाळीचं वेळापत्रक दाखवलं. ते आदल्या संध्याकाळी मेसेज करायला लागले, "उद्या फोडकाम आहे, परवा नुसतं रंगकाम." फोडकामाच्या दिवशी मी भावाकडे दिव्याला जाऊन झोपायचो. ही सोय कोणत्याही उपविधीत बसत नाही.

नेरुळकर

भाडेकरूंचा अर्ज न घेणं चुकीचंच आहे. जो राहतो त्याच्याच डोक्यावर पाणी पडतं. पण दादा, तुमचे काका ऐकणारे निघाले म्हणून तुमचं भागलं. मी पुन्हा तेच म्हणतोय, नशिबावर सोडायचं का?

एकटी, खारघर

"दारात जाऊन बोला" हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा माझ्या जागी येऊन बघावं.

मी एकटी राहते. माझ्या पार्किंगच्या जागेत एक गृहस्थ रोज गाडी लावायचे. मी अतिशय शांतपणे सांगितलं. ते माझ्यावर ओरडले, आणि त्या रात्री माझ्या दारावर धक्के मारायला आले. सोबत त्यांचा भाऊ. मी आतून 112 ला फोन केला. पोलीस आले, दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात जाऊन एनसी नोंदवली. अदखलपात्र गुन्हा, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, त्यामुळे लगेच काही झालं नाही. सोसायटीतल्या बायका मलाच म्हणाल्या, "एवढ्यासाठी पोलिसांत कशाला गेलीस?" पण महिन्याभराने ते परत अंगावर आले तेव्हा आधीची नोंद होती. पोलिसांनी त्यांना बोलावून समज दिली. त्यानंतर गाडी नाही, धक्केही नाहीत.

मी लिहून दिलं नसतं तर दुसरी वेळसुद्धा "पहिलीच वेळ" ठरली असती.

नौपाड्याची लेक

तुमच्यासारख्या परिस्थितीत दारात जाऊच नये. सचिवाकडेही नंतर, आधी पोलीस. शिवीगाळ, धमकी, अंगावर येणं याला मी शेजाऱ्यांचा वाद मानतच नाही, तो गुन्हा आहे. माझं म्हणणं नळ, ओल, आवाज, वास, चपलांचं कपाट एवढ्यापुरतं आहे.

नेरुळकर

पण ही रेषा आधी कशी ओळखायची? त्यांनासुद्धा दारावर धक्के बसेपर्यंत तो पार्किंगचाच वाद वाटत होता.

माजी सचिव, घोडबंदर रोड

आधी ओळखता येत नाही, हे खरं आहे. म्हणून एकट्याने जाऊ नका. कमिटीतलं किंवा मजल्यावरचं, दोघांनाही मान्य असलेलं एक माणूस बरोबर न्या. गावाकडे 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत हेच केलं गेलं, वाद ठाण्यात जायच्या आत गावच्या समितीने दोघांना समोर बसवायचं. आपल्या टॉवरांत शंभर-दोनशे घरं असतात, एका छोट्या गावाएवढी वस्ती, आणि समोरासमोर बसवणारं कोणी नसतं. बहुतेक कमिट्यांना मेंटेनन्सची वसुली आणि लिफ्टवाला यांतून डोकं वर काढायला वेळ नाही.

आणखी एक मार्ग लोक वापरतच नाहीत. दावा दाखल करायच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही. तिथे झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते. दोघांची तयारी मात्र हवी.

आवाजाबद्दलही एक सांगून ठेवतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. डीजे, स्पीकर यांच्यासाठी तो आधार घ्या. वरच्या घरात खुर्ची ओढली, मूल धावलं, यासाठी तो कागद घेऊन कोणी ठाण्यात गेलं तर हात हलवत परत येईल. खुर्चीच्या पायांना रबरी बुटं बसवून द्या, वीस-तीस रुपयांत काम होतं.

नेरुळकर

ठीक आहे. मी आमच्या सर्वसाधारण सभेत असा ठराव मांडणार आहे. एक तक्रार नोंदवही, सचिवाकडे कुलपात. गळती, पार्किंग, आवाज, जे असेल ते तारखेसह त्यात लिहायचं, भाडेकरूंनासुद्धा लिहिता येईल. नोंद झाली की आठवड्याच्या आत कमिटीतला एकजण दोन्ही घरांना एकत्र बसवेल. तिथे मिटलं तर तसा शेरा, नाही तर पुढचं पत्र. नोटीस बोर्डावर काहीही नाही, ग्रुपवर काहीही नाही. पण नोंद पहिल्या दिवशीच व्हायला हवी, यावरून मी मागे हटणार नाही.

नौपाड्याची लेक

मग आधी बोलून बघितलं का, हा रकाना त्यात पहिला ठेवा.

एकटी, खारघर

ठेवा, पण तो रिकामा ठेवायची मुभा हवी. "का बोलला नाहीत" असा जाब कोणी विचारू नये.

भाडेकरू, कळवा

नोंद केल्यावर मालकाला फोन जाणार नाही, हेही ठरावात लिहा. नाहीतर आमच्यातला एकही जण त्या वहीला हात लावणार नाही.

कोपरखैरणेची आगरीण

आणि कोणत्या तक्रारी त्या वहीत घ्यायच्याच नाहीत, ते आधी ठरवा. कोणाच्या घरात काय शिजतं, कोण कुठला देव मानतं, कोणाकडे कोण पाहुणे येतात. आमच्या सोसायटीत असा ठराव आला तर हे कलम घातल्याशिवाय मी हात वर करणार नाही, आणि तसं सभेच्या इतिवृत्तात लिहून घेईन.