मराठी संकेतस्थळ: फॉन्ट जड, ल-श हिंदी वळणाचे, स्क्रीन रीडरचा आवाज इंग्रजी

टंकवेडा: सार्वजनिक वाचनालयाचं संकेतस्थळ नव्याने बांधतोय. देवनागरी फॉन्टच्या चार वेटच्या (जाडीच्या) टीटीएफ फाइल्स उतरेपर्यंत साध्या फोनवर पान कोरं राहतं. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम) मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो. आधी काय धरू?

रेघोटी: आधी एचटीएमएल टॅगवरचं लँग (पानाची भाषा सांगणारा गुणधर्म) बघा. टेम्प्लेटमधलं 'ईएन' (इंग्रजी) तसंच राहिलं असणार. ते 'एमआर' (मराठी) करा. स्क्रीन रीडर आवाज त्यावरूनच निवडतो, आणि फॉन्टमधली मराठी अक्षररूपंही त्यावरच चालू होतात. तुमच्या दोन तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे. तरी ल-श बदलले नाहीत, तर फॉन्टमध्ये ती रूपंच नाहीत. 'टिरो देवनागरी मराठी'त ती मुळातच आहेत, पण त्यात बोल्ड नाही. मधे इंग्रजी वाक्य आलं तर तेवढ्या भागाला 'ईएन' द्या.

हलकंपान: वेगाचं सांगतो. रेग्युलर आणि बोल्ड पुरे, दोन्ही वॉफ२ (वेबसाठीचं आकुंचित फॉन्ट-स्वरूप) मध्ये. फॉन्टटूल्सच्या पायएफटीसबसेट या साधनाने नको त्या अक्षरांची छाटणी करा; हे युनिकोड क्रमांक ठेवा: देवनागरीचे यू+०९०० ते ०९७एफ, सोबत जोडाक्षरं नियंत्रित करणारे अदृश्य २००सी, २००डी, ठिपक्यांच्या वर्तुळाचं २५सीसी, रुपयाचं २०बी९ आणि विरामचिन्हांसाठी बेसिक लॅटिन. छाटणीत जीएसयूबी तक्ता (फॉन्टमधले अक्षररूपं बदलायचे नियम) उडाला की जोडाक्षरं सुटतात, जागोजागी हलन्त दिसतात. म्हणून 'ज्ञ', 'क्ष', 'र्क', 'दुसऱ्या' लिहून तपासाच. फॉन्ट-डिस्प्ले 'स्वॅप' ठेवा, म्हणजे फॉन्ट उतरेपर्यंत मजकूर दुसऱ्या फॉन्टात दिसेल, पान कोरं राहणार नाही. प्रीलोड (फाइल आधीच उतरवायची सूचना) फक्त रेग्युलरला, आणि त्यावर क्रॉसओरिजिन हा गुणधर्म हवाच, फाइल तुमच्याच सर्व्हरवर असली तरी. ते नसेल तर ब्राउझर तीच फाइल दोनदा उतरवतो.

टंकवेडा: लँग बदलल्यावर आवाज आणि ल-श दोन्ही सुधारले. जुन्या सूचना मात्र अजून अगम्य वाचल्या जातात. शीर्षकांची शिरोरेषाही तुटतेय.

रेघोटी: सूचना श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टंकलेल्या असतील. तिथे आत रोमन अक्षरं असतात, नुसता मुखवटा देवनागरी. लँगने काही होणार नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि रफार, पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. शिरोरेषा तोडतंय ते लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर). इंग्रजी टेम्प्लेट शीर्षकांना ते सर्रास लावतात, मराठीला शून्य करा. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ च्या आसपास ठेवा, १.२ वर ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं लपवणं) असेल तर वरचे रफार-अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात. दुव्यांची अधोरेषा उकारांना भिडते, तिला टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट ०.३ ईएम देऊन बघा.