मदत हवी आहे: फ्रॅक्चरनंतर मुलाचा डावा पाय कमजोर, बैठका पुरतील का?

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापूरचे. मुलगा १४ वर्षांचा, पेठेतल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळतो. (शाहू स्टेडियमच्या गावात "काही दिवस खेळ बंद ठेवा" हा सल्ला चालत नाही, तेवढा सोडून बाकी सगळं सांगा.) गेल्या हंगामात डाव्या घोट्याजवळ बारीक फ्रॅक्चर झालं, प्लास्टर होतं. आता हाड जुळलंय, डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिलीय. पण डावी मांडी बारीकच दिसते. गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंमी वर टेप लावली तर उजवीपेक्षा दीड सेंमी कमी. एका पायावर लांब उडी मारायला लावली: उजव्यावर १५० सेंमी, डाव्यावर १२५. उतरताना डावा गुडघा आत वळतो, ते मला जास्त खटकतं. किक तो उजव्यानंच मारतो, म्हणजे मारताना सगळा भार डाव्यावरच.

सासरे जुने तालमीतले. रोज शंभर बैठका मार, पाय आपोआप भरतो म्हणतात. जाऊबाई म्हणतात या वयात वजन उचललं की उंची खुंटते. प्रशिक्षक सरावाआधी फिफा ११+ (दुखापत टाळण्यासाठीचा वॉर्म-अप व्यायामांचा संच) करून घेतात, त्यांना तेवढं पुरेसं वाटतं. कुणाचं ऐकू?

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट)

ताई, बैठका वाईट नाहीत, पण दोन पायांवर बसताना शरीर लबाडी करतं, भार नकळत चांगल्या पायावर टाकतं. खात्री करायची तर दोन वजनकाटे शेजारी ठेवा, एकेका काट्यावर एकेक पाय, आणि सावकाश बसायला सांगा.

म्हणून काम एकेका पायाचं हवं. पायरीवर चढणं आणि हळू उतरणं, मागचा पाय बाकावर ठेवून बैठक (जिममध्ये याला बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट म्हणतात), पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणं, पायरीच्या कडेवर एका पायाची टाच वर-खाली. सुरुवात नेहमी डाव्यानं, आणि डाव्याला जितक्या जमतील तितक्याच उजव्यानं. आठ-आठचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. गुडघा आत जायला लागला की सेट तिथंच थांबवा, आकडा पुरा करायचा नाही. गुडघा सरळ राहावा म्हणून कुशीवरचा प्लँक (कुशीवर, कोपरावर भार देऊन अंग सरळ धरणं) आणि आरशासमोर सराव. घोट्यासाठी एका पायावर तोल धरणं, चेंडू झेलत झेलत.

उंचीची भीती सोडा. देखरेखीखाली, बेतानं केलेल्या व्यायामानं वाढ थांबत नाही. आधी अंगाचं वजन, मग दप्तरात दोन-तीन किलो. फिफा ११+ चालू ठेवा, दुखापत टाळायला ते चांगलंच, पण दोन्ही पायांना सारखंच काम देतं, त्यामुळे फरक तसाच राहू शकतो. उडीत डावा पाय आज उजव्याच्या ८३ टक्के आहे, निदान ९० व्हायला हवा.

वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखलं तर उड्या कमी करा आणि दाखवून घ्या. वाढीच्या वयात तिथं त्रास होतो.

धागाकर्ती

खूप आभार! काटे लावले. बसताना उजवीकडे सहा किलो जास्त. सासरे वाकून आकडे बघत होते, म्हणाले, "दुसरा काटा बिघडलाय." अदलाबदल केली, तरी तेच. सामने रविवारी असतात, मग कुठले दिवस धरू?

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट)

मंगळवार आणि गुरुवार. शुक्रवार-शनिवारी मांडी दुखवायची नाही. सासऱ्यांना सेट मोजायला बसवा.