येशूने दाखले का सांगितले आणि त्यांत त्रैक्य कुठे आहे?

प्रश्न – वाटसरू

सप्रेम नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, परंतु सध्या नवा करार क्रमाने वाचत आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला सांगून झाल्यावर येशू शिष्यांना म्हणतो की, देवाच्या राज्याचे रहस्य तुम्हांला दिलेले आहे, बाहेरच्यांना मात्र सारे काही दाखल्यांतून सांगितले जाते, ते अशासाठी की त्यांनी पाहूनही त्यांना दिसू नये. दाखला विषय उलगडण्यासाठी दिला जातो, अशी माझी समजूत होती. येथे तो विषय झाकण्यासाठी दिल्यासारखा वाटतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, म्हणजेच त्रैक्य, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा असेल, तर इतके दाखले सांगणाऱ्या येशूने त्याविषयी एकही का सांगितला नाही? हा सिद्धांत पुढे धर्मपरिषदांनी रचला, असे समजावे काय?

उत्तर – कृष्णाकाठ

पहिल्या अडचणीपुरते लिहितो. ते शब्द जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातले आहेत. तेथे देव यशयाला लोकांकडे पाठवतो आणि त्याच वेळी हेही सांगतो की, ते ऐकतील पण समजणार नाहीत. संदेश ऐकून मन कठोर होणे, हा परिणाम तेथे हेतूच्या भाषेत मांडलेला आहे. मत्तयाने हेच वचन देताना, ते पाहत असूनही पाहत नाहीत म्हणून मी दाखल्यांनी बोलतो, अशी मांडणी केली आहे. दोन्ही शुभवर्तमाने शेजारी ठेवून वाचावीत, असे मी सुचवीन.

दाखला म्हणजे निव्वळ कोडे असते, तर विरोधकांना तो कळलाच नसता. प्रत्यक्षात मार्कच्या बाराव्या अध्यायात, मालकाच्या पुत्राला ठार मारणाऱ्या द्राक्षमळ्याच्या कुळांचा दाखला ऐकल्यावर, तो आपल्यालाच उद्देशून सांगितला आहे हे धर्मपुढाऱ्यांनी ओळखले आणि ते येशूला धरायला पाहू लागले. म्हणजे अर्थ कळला होता. तो मान्य करण्याची तयारी नव्हती. याच्या उलट उदाहरण जुन्या करारात आहे. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, राजाने संतापून त्या श्रीमंताला मृत्युदंडास पात्र ठरवले, आणि तो मनुष्य तूच आहेस, असे नाथान म्हणताच राजाने आपले पाप कबूल केले. ऐकणारा स्वतः निवाडा करून बसतो आणि मग त्याला कळते की निवाडा आपलाच झाला. दाखल्याचे सामर्थ्य मला यात दिसते.

उत्तर – पहाटवारा

दुसऱ्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: परिषदांनी शब्द दिले, श्रद्धा त्यांच्या आधीची आहे. अलेक्झांड्रिया येथील आरियस हा धर्मगुरू पुत्राला देवाने निर्माण केलेला मानत होता. त्याला उत्तर म्हणून ३२५ साली निकेयाच्या परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे घोषित केले, आणि पित्यापुत्रांबरोबर पवित्र आत्म्याचीही उपासना होते, ही कबुली ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडली जाते. परंतु पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा मत्तयाच्या अखेरच्या अध्यायातच आहे.

दाखल्यांतही याचे बीज आहे, मात्र ते सिद्धांताच्या रूपात शोधल्यास हाती लागणार नाही. वर उल्लेखिलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक आधी दास, म्हणजे संदेष्टे, पाठवतो आणि शेवटी आपल्या ‘प्रिय पुत्राला’ पाठवतो. मार्कमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी येशू पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि आकाशवाणी त्याला ‘प्रिय पुत्र’ म्हणते. सांगणारा स्वतःला संदेष्ट्यांच्या रांगेत उभा करत नाही, हे या दाखल्यात उघड आहे.

लूकचा पंधरावा अध्याय तर मला याहूनही मोलाचा वाटतो. येशू पापी लोकांबरोबर जेवतो, अशी परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारे यहुदी, कुरकुर करतात. त्यावर तो आपल्या वागण्याचे समर्थन कशाने करतो? हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला मुलगा सापडल्यावर देवाला किती आनंद होतो, हे सांगून. मी असे का वागतो, या प्रश्नाला देव असा वागतो, हे उत्तर देणारा मनुष्य स्वतःविषयी फार मोठे काही सांगत असतो. निकेयाने जे एका संज्ञेत बांधले, ते येथे एका पंगतीत घडताना दिसते.

वाटसरू

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मग त्या अध्यायातले मेंढपाळ, स्त्री आणि बाप ही तीन पात्रे म्हणजेच त्रैक्यातील तीन व्यक्ती, असे म्हणता येईल काय? आणि दाखल्यांत पवित्र आत्मा कोठे आहे?

पहाटवारा

तसे जुळवण्याचा मोह मी टाळतो. संत अँब्रोज यांनी त्या तिघांत अनुक्रमे ख्रिस्त, ख्रिस्तसभा (चर्च) आणि पिता पाहिले. म्हणजे चौथ्या शतकातही ही जुळणी ठरलेली नव्हती. प्रत्येक पात्राला एकेक नाव दिले की परूश्यांची ती कुरकुर आपण विसरतो, आणि ती विसरली तर दाखला कोणाला व का सांगितला, हेच निसटते.

पवित्र आत्म्यासाठी लूकचा अकरावा अध्याय पाहावा. मध्यरात्री मित्राच्या दारी भाकरी मागणाऱ्याचा दाखला तेथे आहे. त्याच बोलण्याच्या शेवटी येशू म्हणतो की, तुम्ही वाईट असूनही मुलांना चांगल्या देणग्या देता, तर स्वर्गीय पिता मागणाऱ्यांना पवित्र आत्मा किती विशेषेकरून देईल! मत्तयातील समांतर वचनात ‘चांगल्या देणग्या’ आहेत. लूकने त्या जागी पवित्र आत्मा ठेवला आहे. पिता देणारा, आत्मा हे दान, आणि हे सांगणारा पुत्र, असे तिघे तेथे एकाच वाक्यात भेटतात.